नाद आणि नादार

२७ जुलै २०२३. गुरुवार, म्हणजे तेव्हाचा एक्स्पायरीचा, वायदे सौदे संपायचा दिवस, आणि रिटर्न भरायला चार दिवस उरलेले. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवणारा एक पोरगा माझ्या समोरच्या खुर्चीत बसला होता. पगार वर्षाला २ लाख ६० हजार. एफ अँड ओ, म्हणजे शेअर बाजारातल्या वायदे सौद्यांतला तोटा ३ लाख ४० हजार. ब्रोकरची शीट उघडून मी त्याला समजावत होतो, की हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण मुदतीत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढं ओढता येतो. ते झाल्यावर, फी सांगायच्या आधी, मी त्याला झापलं. "पगार केवढा, नाद केवढा? लग्न व्हायचंय अजून तुझं." पोरगा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं सर."

माझ्या टेबलावर दोन स्क्रीन असतात. एक त्याच्याकडे वळवलेला होता. दुसऱ्यावर माझी बँक निफ्टीची पोझिशन उघडी होती. तो गेला तेव्हा दीड वाजला असेल. साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा त्या एका दिवसात माझे ६२ हजार गेले होते.

मी सीए आहे. राजारामपुरीत ऑफिस, वीस वर्षांची प्रॅक्टिस, तीन आर्टिकल, म्हणजे सीए व्हायला आलेली शिकाऊ पोरं, आणि टॅली बघणारी एक मुलगी. गिऱ्हाईक म्हणाल तर उद्यमनगरातले दोन-तीन फाउंड्रीवाले, लक्ष्मीपुरीतले धान्याचे व्यापारी, काही डॉक्टर, चार पतसंस्था आणि जुलैत येणारी पगारदार मंडळी. मार्केटचा नाद लागला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. ऑफिस बंद, मुदती पुढं ढकललेल्या, हातात मोबाईल. पहिल्या सहा महिन्यांत पैसे मिळाले, हेच वाईट झालं. मिळाले नसते तर तिथंच सुटलो असतो. पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते इथं सांगत बसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा अभ्यास आला. एफ अँड ओ करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांचा तीन वर्षांत तोटा झाला, माणशी सरासरी सुमारे २ लाख. ती सरासरी वर ओढणाऱ्यांत मी होतो.

सांगायचंय ते त्याच्या पुढचं. कर्ज डोक्यावरून गेलं की कायदा माणसाला एक दार ठेवतो. मी इतरांना ते दार दाखवत आलो होतो, आणि माझी पाळी आल्यावर कळलं, की माझ्यासारख्यानं त्यातून जायचं असेल तर पाटी उतरवून जावं लागतं.

सुरुवात १५ मार्च २०२४ पासून करतो. शुक्रवार. अॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता भरायचा दिवस. माझं एक गिऱ्हाईक आहे, वयस्कर, नेट बँकिंगला घाबरणारं. वर्षानुवर्षं ते मला पैसे पाठवतं आणि म्हणतं, "सायेब, तुमीच भरून टाका." आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ८५ हजार माझ्या बचत खात्यात टाकले. सकाळी अकराला चलन काढायला बसलो, तर खात्यात ४७ हजार आणि थोडी चिल्लर. माझा ५ तारखेचा हप्ता बाउन्स झाला होता. बँकेनं तो त्या दिवशी सकाळी पुन्हा लावला, खात्यात पैसे दिसले आणि ३८ हजार उचलले.

मी त्या पैशाला हात लावला नव्हता, हे खरं आहे. पण माझा हात लागला नाही म्हणून काय झालं? आमच्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, पहिल्या भागात, दहावा मुद्दा आहे. अशिलाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात न ठेवणं, किंवा ज्या कामासाठी दिले त्याला वेळेत न वापरणं हे व्यावसायिक गैरवर्तन. मी आर्टिकलना हा मुद्दा शिकवताना म्हणायचो, हे मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्मांसाठी, आपल्याकडं कोण एवढे पैसे ठेवतंय. वीस वर्षांत मी एक वेगळं खातं उघडलं नव्हतं. चारशे-पाचशे गिऱ्हाइकांचा विश्वास एका बचत खात्यात, माझ्या हप्त्यांच्या शेजारी झोपत होता.

बायको शाळेत असते. मधल्या सुट्टीत तिला फोन केला. "अगं, ३८ हजार टाकतेस का आत्ता? संध्याकाळी सांगतो." तिनं काही न विचारता पाठवले. दोनच्या आत चलन भरलं, पावती गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप केली. त्यांचा अंगठा आला. त्यांना आजही यातलं काही माहीत नाही, आणि हे लिहून टाकताना मला त्याचीच लाज जास्त वाटते आहे.

संध्याकाळी तिला सांगितलं. ती रडेल, भांडेल अशी माझी तयारी होती. ती उठली, पोराच्या वहीतला मागचा कोरा कागद फाडून आणला आणि म्हणाली, "यादी काढा." मी लिहीत गेलो. प्रोफेशनल लोन, बाकी १४ लाख २०. मोबाईल ॲपवरचं ३ लाख ६०. पतसंस्था ९ लाख. सोनेतारण साडेपाच. हातउसने साडेतीन. बेरीज ३५ लाख ८० हजार. तिनं कागद आपल्याकडं ओढला, पेन्सिलीनं परत बेरीज केली, ती बरोबर आली. मग म्हणाली, "आणि कार्डाचं?"

दोन कार्डांचे ४ लाख १० हजार मी यादीत घेतलेच नव्हते. लपवले नव्हते, खरंच सुचले नाहीत. दुसऱ्याच्या बॅलन्सशीटमधली सुटलेली देणी शोधण्यावर माझं पोट चालतं. तिनं खाली लिहिलं, ३९ लाख ९० हजार, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. आम्ही ताळेबंदाखाली मारतो तशा. इतक्या वर्षांत माझं बघून शिकली असणार.

(साडेपाच लाखांचं सोनेतारण तिच्याच दागिन्यांवर होतं. ते तिला त्या दिवशी कळलं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.)

पुढच्या आठवड्यात कसबा बावड्याला न्याय संकुलात गेलो. तिथं माझा एक वकील मित्र आहे, कॉलेजपासूनचा. चहा घेत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवून म्हणाला, "मर्दा, यात रडायचं काय हाय? नादारीचा अर्ज टाकू. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याचा आत्ताच केलाय."

पुष्कळांना वाटतं, दिवाळखोरीचा २०१६ चा नवा कायदा आला, आता सगळं एनसीएलटीत, कंपन्यांच्या लवादात. तसं नाही. त्या कायद्यातला माणसांच्या दिवाळखोरीचा भाग अजून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी चालू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्या-माझ्यासारख्याला कोल्हापुरात अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. मुंबईवाल्यांना त्याहून जुना, १९०९ चा. आपल्याकडं अर्ज जिल्हा न्यायालयात. कर्ज किमान किती हवं? ५०० रुपये. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा तसाच आहे. मित्र म्हणाला, "५०० च्या अटीत तू बसतोस." दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो होतो.

कायद्याच्या मराठीत दिवाळखोराला नादार म्हणतात. ज्याच्याकडं काही नाही तो. इकडं आपल्या गावात ज्याच्या त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'नाद खुळा' लिहिलेलं. नाद आणि नादार यांचा व्युत्पत्तीनं काही संबंध नाही, एक संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. पण बावड्याहून परत येताना सिग्नलला पुढच्या रिक्षावर ती दोन अक्षरं वाचली आणि मला वाटलं, माझ्यापुरता हा संबंध लागलाय.

घरी येऊन दोन्ही कायदे घेऊन बसलो. नादारीचा एक आणि आमचा एक, १९४९ चा.

आमच्या कायद्याचं कलम ८ आम्ही सगळ्यांनी परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. सभासदांच्या रजिस्टरमध्ये कुणाचं नाव राहू शकत नाही, त्याची ती यादी. वय २१ पेक्षा कमी असलेला. न्यायालयानं वेडा ठरवलेला. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला. आणि मधोमध, नादारीतून मुक्त न झालेला. इथपर्यंत ठीक. कुणीही म्हणेल, ज्याला स्वतःचं सांभाळता आलं नाही त्यानं दुसऱ्याच्या हिशेबावर सही कशाला करावी. माझी झोप उडवली ती त्याच्या पुढच्या ओळीनं. नादारीतून मुक्त झालेला माणूसही चालत नाही, जोवर त्यानं न्यायालयाकडून असा दाखला आणलेला नाही, की ही नादारी दुर्दैवानं ओढवली आणि त्यात त्याचं गैरवर्तन नव्हतं.

नुसतं सुटून भागत नाही, तुमचं दुर्दैव सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालेलं लागतं. यंत्रमागवाला अर्ज टाकतो, मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात देतो, काही वर्षांनी मुक्त होतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या मागावर कामाला लागू शकतो. त्याला माग चालवायला दाखला लागत नाही. मला लागतो. सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) यांच्या कायद्यांतही हीच अट आहे, म्हणजे हिशेबाच्या जातीतलं कुणी सुटलेलं नाही.

कलम ८ मध्ये अडकलं की कलम २० प्रमाणे आमच्या संस्थेची कौन्सिल नाव काढू शकते. नाव निघालं की नावामागचं सीए गेलं, आणि आता यूडिनही निघणार नाही. साधा नेटवर्थचा दाखला द्यायचा तरी आम्हाला तो अठरा आकडी नंबर लागतो, आणि त्यात आमचा सभासद क्रमांक असतो. बरं, सीए नाही तर नाही, रिटर्न भरून पोट भरू म्हणावं, तर तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २८८ सांगत होतं, नादार माणूस नादारी चालू असेपर्यंत अधिकाऱ्यासमोर करदात्याच्या वतीनं उभा राहू शकत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर व्हावं, तर नियम ८३ मध्ये तेच. आमच्याकडच्या एका हुशार पोरीला मी त्या वर्षी भागीदार करून घेणार होतो. भागीदारी कायद्याचं कलम ३४, भागीदार नादार ठरला की त्या तारखेला तो भागीदार राहत नाही. चारी बाजूंनी बघून झालं.

यात एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण आमच्यातलेच लोक ती गोंधळून सांगतात. नादार होणं हे गैरवर्तन नाही. त्यासाठी शिस्तभंगाची चौकशी बसत नाही, तक्रारदार लागत नाही. ती अपात्रता आहे, वय कमी असण्यासारखी. मी त्या ८५ हजारांच्या बाबतीत जे होऊ दिलं ते गैरवर्तनात मोडू शकतं, आणि त्याचा कर्ज किती याच्याशी संबंध नाही. कर्ज चाळीस लाखांचं असून हिशेब स्वच्छ असू शकतो, आणि एक रुपयाचं कर्ज नसताना तो घाण असू शकतो. कायदा हे दोन्ही वेगळं ठेवतो. गाव ठेवत नाही.

मग मी दाखल्याचा विचार करायला लागलो. मिळेल का मला? नादारी कायद्याच्या कलम ४२ मध्ये, मुक्तता सरसकट का देऊ नये याची कारणं दिली आहेत. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नाहीत, आणि त्याला तो स्वतः जबाबदार आहे. आपण बुडालोय हे कळूनही धंदा चालू ठेवला. मागच्या तीन वर्षांत धंद्याला साजेशा वह्या ठेवल्या नाहीत. आणि बेदरकार, धोक्याचे सट्टे केले.

वह्यांपाशी मी थांबलो. गिऱ्हाइकांच्या वह्या मी ठेवतो. माझ्या ट्रेडिंगच्या? ब्रोकरचा ईमेल, मोबाईलातल्या नोट्समध्ये तीन ओळी, आणि हातउसन्यांची नावं एका जुन्या डायरीच्या पुठ्ठ्यावर.

आणि सट्टा. इथं मला माझीच चतुराई आडवी आली. आयकरात, मान्यताप्राप्त शेअर बाजारातल्या एफ अँड ओला सट्टा धरत नाहीत. १९६१ च्या कायद्याच्या कलम ४३(५) मध्ये त्याला तशी सूट होती, आणि म्हणून तो तोटा साध्या धंद्याचा तोटा होतो. माझ्या रिटर्नमध्येही तो तसाच गेलाय, माझ्याच डिजिटल सहीनं. आता न्यायाधीशांसमोर उभं राहून मी काय म्हणणार होतो? साहेब, आयकर कायद्यात हा सट्टा नाही? त्यांनी विचारलं असतं, तुम्ही स्वतः त्याला काय म्हणता? जुलैत त्या पोराला झापताना मी त्याला नाद म्हणालो होतो.

माझं एक गिऱ्हाईक शाहूपुरीत आहे. २०१९ च्या ऑगस्टात त्याच्या गोदामात पंचगंगेचं पाणी आलं. सावरलं, कर्ज काढून माल भरला, तर २०२१ च्या जुलैत परत. त्याच्या भिंतीवर दोन रेघा आहेत, पाणी कुठवर आलं होतं त्याच्या. त्यानं पुसल्या नाहीत, बँकवाले आले की दाखवतो. दुर्दैव म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही. माझ्याकडं दाखवायला फक्त कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे ब्रोकरच्या सौद्यांच्या पावत्या होत्या, आणि प्रत्येक सौदा मी स्वतः बोटानं दाबलेला.

तरी मन म्हणत होतं, प्रयत्न करून बघू. दाखला नाही मिळाला तर नाही, निदान फोन तरी थांबतील. कारण फोन फार वाईट होते. वसुलीवाला ऑफिसच्या नंबरवर फोन करायचा, आणि तो उचलायचा एकोणीस वर्षांचा आर्टिकल. "सर, त्यांचा परत आलाय," असं तो दारातून अगदी हळू सांगायचा. समोर गिऱ्हाईक बसलेलं असायचं. तो पोरगा माझ्याहून जास्त लाजायचा.

अर्जाचा विचार मी सोडला तो मावसभावामुळं. पतसंस्थेच्या ९ लाखांना तो जामीनदार. कागलला शाळेत शिक्षक. सही करताना त्यानं रक्कमही वाचली नव्हती. मी सीए, मला जामीन राहायचं म्हणजे त्याला मानच वाटला होता. नादारी कायद्याच्या कलम ४४ मध्ये सरळ लिहिलंय, कर्जदार मुक्त झाला म्हणून त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. मी नादार झालो की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन त्याच्या पगारावर गेली असती. तोपर्यंत त्याला एक नोटीस आलीच होती. तो रविवारी घरी आला, नोटीस टीपॉयवर ठेवली आणि म्हणाला, "दादा, हे काय असतं ते जरा बघशील? मला इंग्रजी कळतं, पण हे मराठीत हाय."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटलं, मी त्याला मदत करीन.

वकील मित्राला फोन करून सांगितलं, अर्ज नको. तो म्हणाला, "बरं केलंस. तुला आणखी एक सांगायचं राहिलं होतं. नादार असताना आपण नादार हाय हे न सांगता ५० रुपयांची उधारी केलीस तरी गुन्हा हाय. मिसळीचं बिल लिहून ठेवा म्हणायची सोय न्हाई." कलम ७२, सहा महिन्यांपर्यंत कैद. हाही आकडा १९२० चा. आज ५० रुपयांत निम्मी मिसळ येईल.

मग जे सगळे करतात ते केलं. वडिलांनी १९९४ साली उचगावला घेतलेला अडीच गुंठ्यांचा प्लॉट जून २०२४ मध्ये विकला, २२ लाखांना. गहाण सोनं मोडून सोनेतारण मिटवलं, वर १ लाख ८० उरले. पहिला चेक पतसंस्थेला, ९ लाख. त्याच दिवशी बोजा उतरल्याचं पत्र घेऊन कागलला गेलो. मग हातउसने. मग ते ॲप. कार्डवाल्यांशी तडजोड करून २ लाख ६० हजारांत मिटवलं, म्हणून सिबिलमध्ये त्या दोन ओळींपुढं 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लिहिलंय. बघणाऱ्याला त्यातला फरक बरोबर कळतो. प्रोफेशनल लोनचे ११ लाखांच्या वर राहिले, त्याचा हप्ता बसवून घेतला, तो चालू आहे.

आता हे फक्त आमच्या धंद्यातल्यांना कळेल असं एक. प्लॉट मी ३१ मार्चच्या आत विकला असता, तर त्याच्या भांडवली नफ्यातून त्याच वर्षाचा एफ अँड ओ तोटा वजा झाला असता. एकदा वर्ष उलटलं, की पुढं ओढलेला तोटा फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वजा होतो. तीन महिन्यांच्या उशिरानं मला दोन लाखांवर कर पडला. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं.

त्या मार्चमध्ये बँकेच्या शाखेचं ऑडिट आलं होतं. त्यात एक प्रमाणपत्र द्यायचं असतं, की मला किंवा माझ्या कुटुंबीयांना कुठल्या बँकेनं हेतुपुरस्सर कर्जबुडवा जाहीर केलेलं नाही. मी ते खुशाल सही करू शकत होतो. मला कुणी तसं जाहीर केलं नव्हतं, आणि ती यादी मुळात २५ लाखांच्या पुढची. पण शाखेत बसून ९० दिवसांवरची थकीत खाती शोधायची, एनपीए करा म्हणून मॅनेजरशी वाद घालायचा, आणि माझं स्वतःचं खातं दुसऱ्या बँकेत दोन महिने थकलेलं. तब्येतीचं कारण सांगून ऑडिट परत केलं. खोटं कारण दिलं, तेही सांगून टाकतो.

ज्या पतसंस्थेचं कर्ज होतं तिचं ऑडिट माझ्याकडं कधीच नव्हतं, तेवढं शहाणपण शाबूत होतं. माझ्याकडच्या चारपैकी एका पतसंस्थेनं मात्र पुढच्या वर्षी नाव बदललं. कुणी काही बोललं नाही. सभेत ठराव वेगळाच झाला. लक्ष्मीपुरीतले एक व्यापारी येऊन फायली घेऊन गेले. "सर, पोरग्याचा दोस्त सीए झालाय, तवा म्हटलं..." म्हणत चहाही न घेता उठले. राजारामपुरीत पहिल्या गल्लीत शिंकलं तर चौदाव्या गल्लीत लोक हळद-दूध सुचवतात, तेव्हा त्यांना कुठून कळलं हे मी विचारलं नाही. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांनी उलटं केलं. सगळं ठाऊक असून दिवाळीला आले, वर्षाची फी आगाऊ टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आमची भट्टी बंद पडली तवा तुमीच बँकेत येऊन बसलासा की." मी ती फी घेतली नाही. आगाऊ घेतली की ती उधारीच. पण ते गेल्यावर आर्टिकलला बाहेर पाठवून दार लावून घेतलं.

वेगळं बँक खातं एप्रिल २०२४ मध्येच उघडलं. 'अशील खाते' असं पासबुकावर मीच पेनानं लिहिलंय. त्याला कुठलाही हप्ता जोडलेला नाही. वर्षातून पंधरा-वीस वेळा त्यात पैसे येतात आणि त्याच दिवशी जातात. बाकी बहुतेक शून्य.

भागीदार होणाऱ्या त्या मुलीला सगळं सांगितलं, यादीसकट. तिनं एक दिवस मागून घेतला आणि मग नको म्हणाली. मीही तिच्या जागी तेच केलं असतं. ती आता पुण्यात आहे.

२०२५ मध्ये रिटर्नची मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली, त्यामुळं जुलैची गर्दी सप्टेंबरात आली. तो गोकुळ शिरगावचा पोरगा आला, बरोबर बायको. लग्न झालेलं. सौदे बंद केलेत म्हणाला, ब्रोकरची शीट उघडली तर खरंच कोरी. मी जुना तोटा पुढं ओढायच्या रकान्यात भरला. मग कसं कुणास ठाऊक, त्याला सांगितलं, त्या गुरुवारी दुसऱ्या स्क्रीनवर काय होतं ते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याची बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. मग त्यानं विचारलं, "सर, मग तुमचा पण पुढं ओढलाय?"

"ओढलाय."

"कुठवर?"

"माझा तुझ्यापेक्षा एक वर्ष जास्त," मी म्हणालो. "२०३२-३३ पर्यंत." आणि प्रिंट काढायला उठलो.